उजव्या हातातला गुच्छ

तिसऱ्यांदा गुच्छ पडला तेव्हा कुणी तो उचलायला धावलं नाही.

पहिल्या वेळी धाकटा काका वाकला होता. बुकेला चक्कर आली, सकाळपासून उपाशी आहे बिचारा, असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं होतं. दुसऱ्या वेळी भाऊंनी मुकाट्याने उचलून लेकीच्या हातात दिला. आता तो दुकानामागच्या खोलीत ओल्या फरशीवर पालथा पडला होता. प्लॅस्टिकच्या मुठीतून फोमचा गोळा निखळला होता आणि चार गुलाबांच्या माना मोडल्या होत्या. सकाळचे दहा वाजत आले होते. चारला नोंदणीच्या हॉलमध्ये लग्न होतं.

ठकी आपल्या उजव्या हाताकडे बघत उभी होती. ठकी म्हणजे या घरातली एकुलती एक लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं आणि आजच्या नोंदवहीपुरतं, एरवी दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा तिला ठकीच म्हणायची. सहा वर्षांची असताना देठ कापायच्या सुरीने तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आतली शीर तुटली. दोन ऑपरेशनं झाली. हात दिसायला धड राहिला, पण अंगठा वाकेना आणि मूठ घट्ट मिटेना. ती डाव्या हाताने लिहायला शिकली, पुढे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागली आणि तिथेच समोरच्या घड्याळजीशी तिचं जमलं. घड्याळजीला डाव्या कानाने ऐकू येत नसे. म्हणून ती नेहमी त्याच्या उजव्या अंगाने चालायची, तिचा डावा हात त्याच्या हातात. हॉलच्या दारापासून टेबलापर्यंत दोघं तशीच जाणार होती. म्हणजे गुच्छासाठी उरला तो उजवाच हात.

आईने याचा विचार केला नव्हता असं नाही. गावातल्या निम्म्या लग्नांचे गुच्छ तिच्या हातचे असत. फोम भिजवायचा, मुठीवर बसवायचा, फुलं खोचत जायची, पंचवीस मिनिटांत गोल गरगरीत बुके तयार. लेकीसाठी तिने नेहमीपेक्षा लहान केला, मग आणखी लहान. पण पाणी प्यायलेला फोम जड तो जडच. गोळा पुढे झुकायचा, गुळगुळीत मूठ तळव्यात फिरायची आणि न वाकणारा अंगठा नुसता वरून बघत राहायचा.

शेवटी आईने सुचवलं की फुलांचा पट्टा करून रिबिनीने मनगटाला बांधू. छान दिसतं, हल्ली पुष्कळ मुली बांधतात, पडायचा प्रश्नच नाही. ती बोलत होती तशी रिबीन उलगडतही होती.

"आई, मला बांधून नको," ठकी म्हणाली. "मला धरायचाय."

रिबीन तिथेच थांबली.

मग काका बोलला. गेली एकोणीस वर्षं तो घरात वहिनीचा वकील होता. तिच्या विरुद्ध कुणी चकार शब्द काढला तर आधी तो उठायचा. आज त्याने बाजू बदलली. खाली बघत तो म्हणाला की वहिनी, गावात हे काम करील असं माणूस एकच आहे आणि ते तुलाही माहीत आहे.

ते माणूस म्हणजे भाऊंची थोरली बहीण, ठकीची आत्या. सुरी तिची होती. त्या दिवशी दाराशी गिऱ्हाईक घाईला आलं म्हणून ती न मिटता टेबलावर ठेवून गेली, आणि आत्यासारखा गुलाब कापून बघायला पोर स्टुलावर चढली. दवाखान्यात आईने नणंदेला एकच वाक्य ऐकवलं होतं: तुमचा हात शाबूत आहे ना, झालं तर मग. त्यानंतर आत्याने दोन गल्ल्या सोडून, शिंपी आणि किल्लीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात आपलं वेगळं दुकान मांडलं. नणंद-भावजयीने एकमेकींशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

भाऊंनी घसा खाकरला. आज सांगून टाकतो, असं म्हणत त्यांनी कबूल केलं की दर मंगळवारी दवाखान्यात फुलं पोचवून परतताना ते ताईकडे चहाला जातात. पहिल्या वर्षापासून.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "मंगळवारी तुमच्या बाहीला तिच्याकडच्या मेणाच्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात. शर्ट मीच धुते."

भाऊ बाही उलटून बघायला लागले. मग ठकीनेही सांगितलं की तीसुद्धा शाळेत असल्यापासून जाते. आत्या तिला स्टुलावर बसवते, खाऊ देते, अभ्यास विचारते, पण कामाच्या टेबलापलीकडे एकदाही येऊ देत नाही. आणि हा हात कधी हातात घेत नाही. हे शेवटचं ती हळू बोलली.

काकानेही नजर चुकवली. म्हणजे अख्खं घर चोरून त्याच दारात जात होतं आणि जात नव्हती ती एकटी आई. ती खाली वाकली. मग मोडलेल्या गुलाबांपैकी एक उचलून त्याची मान बघत म्हणाली, जा, बोलवा त्यांना.

भाऊ गेले आणि पाव तासात एकटेच परत आले. ताई नाही म्हणते. का म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाली की माझ्या हातून नको.

काका वैतागला. इतक्या वर्षांनी आपण होऊन बोलावलं तरी हिचा तोरा जात नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. भाऊही मान हलवत बसले. पण आईने ते शब्द ऐकले आणि तिला त्यात तोरा दिसला नाही. भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. लेक रस्ता ओलांडायला लागली, सायकल शिकायला लागली, प्रत्येक वेळी हेच शब्द तिच्या स्वतःच्या तोंडी आले होते: माझ्या हातून काही व्हायला नको. तिने एप्रन सोडून खुंटीला लावला, पायात चपला सरकवल्या आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडली.

*

भाऊ गेल्यावर आत्याने दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं होतं. साठी उलटली तरी तिचे हात स्थिर होते, आज मात्र पानं खुडताना ते दोनदा चुकले.

एके काळी गावातल्या मुली तिला विचारून लग्नाची तारीख धरायच्या. मूठ नाही, फोम नाही, नुसती फुलं, दोरा आणि तार. तिने बांधलेला गुच्छ टेबलावर सोडला तर आपल्या देठांवर उभा राहायचा. तो कुणी जिन्यावरून खाली टाकला होता आणि एक पाकळी सुटली नव्हती, अशी एक गोष्ट गावात सांगत. ती गोष्ट खरी होती. टाकणारा काकाच होता, आणि त्याबद्दल त्याने मारही खाल्ला होता.

दारात सावली आली. आत्याने वर पाहिलं आणि हातातली फांदी खाली ठेवली.

भावजय उंबऱ्याशी उभी होती. एकोणीस वर्षांत दोघी एकमेकींना दिसत होत्याच, फुलांच्या घाऊक बाजारात, दवाखान्याच्या दारात, भाऊंचे वडील गेले तेव्हा. पण इतक्या जवळून नाही. आईचं लक्ष दुकानावरून फिरत कोपऱ्यातल्या बादलीवर गेलं. बादलीत पांढरे गुलाब होते, तीस तरी असतील. सगळे सारखे उमललेले, ना कळी ना फार फुललेले. काटे काढलेले, खालची पानं साफ केलेली, देठ तिरके कापून गळ्यापर्यंत पाण्यात. बाकी प्रत्येक बादलीला गिऱ्हाइकाची चिठ्ठी बांधलेली होती. हिला नव्हती.

"हे कुणाचे?" आईने विचारलं. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द तो होता.

"कुणाचे नाहीत," आत्या म्हणाली.

असे गुलाब एकसारखे फुलायला दोन दिवस लागतात, कधी सावलीत, कधी कोमट पाण्यात, कधी गार. कुणाचे नसलेल्या फुलांसाठी कुणी एवढं करत नाही. हे तिला ठाऊक होतं, कारण ते तिला याच बाईने शिकवलं होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला शेवंती आणि कार्नेशन यांतला फरक कळत नव्हता. देठ चिरडू नकोस, काप, त्याला पाणी प्यायला तोंड राहू दे, हे या घरातलं तिला मिळालेलं पहिलं शिक्षण.

"वन्सं," ती म्हणाली, "तीनदा पडला तिच्या हातून. मला जमत नाहीये."

आत्याने मान खाली घातली. ती म्हणाली की बुके मी डोळे मिटून बांधीन, पण तो कुठल्या हातात जायचा ते मला कळायला हवं. हाताप्रमाणे दांडा असतो. आणि तो हात मी पाहिलेला नाही. समोर असतो, पण मला बघवत नाही. सहा वर्षांचा होता तेव्हा शेवटचा पाहिला. मी काय बांधणार?

आई आत आली आणि तिने पाणी गळणारी ती जड बादली दोन्ही हातांनी उचलली.

"मी पाहिलाय ना," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी दुसरं काय बघतेय? हात मी सांगते, बुके तुम्ही बांधा. चला."

*

ठकीला पुढे आयुष्यभर त्या दिवसातलं लग्न कमी आठवायचं आणि हे दोन तास जास्त.

दोघी दारातून आत आल्या त्या एकामागोमाग, बोलत नव्हत्या, पण बादली आता दोघींनी दोन बाजूंनी धरलेली होती. काका भिंतीला टेकला होता तो सरळ झाला. आत्याने खोली बघितली. टेबल तेच होतं, तिच्या वडिलांनी करून घेतलेलं. तिने त्यावर हात फिरवला नाही की काही नाही, पिशवीतून तारेचं बंडल, हिरवी टेप, मेणाचा दोरा काढून ओळीने मांडला आणि म्हणाली, हात सांग.

आई सांगायला लागली आणि ठकी ऐकतच राहिली.

ती म्हणाली की ही बोटांनी धरतच नाही. वस्तू आधी तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर टेकवते आणि मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोघांनी खालून आवळते. जोर आहे तो तिथे. पहिली दोन बोटं नुसती सोबतीला. पेला चालतो, कानाचा कप चालत नाही. चमचा चालतो, छत्री नाही, कारण तिचं वजन वर असतं. वस्तू मनगटाकडे कलली तर तासभर धरील, पुढे कलली की संपलं. गुळगुळीत नको, खरखरीत नको, टॉवेलसारखं हवं. थंडीत आणखी आखडतो. घाबरली की आधी करंगळी सुटते.

ठकीला वाटायचं हे सगळं आपण लपवून ठेवलंय. कानाचा कप आपल्याला नको असतो हे तर तिने स्वतःशीही कधी असं मांडलं नव्हतं. घरातले सगळे कप बिनकानाचे का, हे तिला आज कळलं.

आत्याने वर्तमानपत्राचा घट्ट पीळ केला, तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पुढे आली. क्षणभर थांबली. मग तिने ठकीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी असलेला पांढरा व्रण जवळून पाहिला. ठकीला वाटलं ती रडेल. आत्या रडली नाही. तिने शिंप्याने माप घ्यावं तसं प्रत्येक बोट हलवून बघितलं, कुठे अडतं, कुठे मोकळं आहे. मग तो पीळ तळव्यात ठेवून धरायला सांगितलं, हात पुढे कर, खाली घे, चालून दाखव. पीळ परत घेऊन ती खिडकीशी गेली आणि ओल्या फडक्यावर कुठे कुठे दाब पडलाय ते बराच वेळ बघत राहिली.

सगळ्या देठांचा दांडा जाड होईल, ती म्हणाली. सात गुलाब देठांसकट मध्ये, बाकी सगळे तारेवर.

मग काम सुरू झालं. गुच्छाखाली लावायचा नेचा, म्हणजे फर्नची पानं, साफ करायला काका बसला. भाऊंना दुकान सांभाळायला पाठवलं होतं, पण ते दर दोन मिनिटांनी दारात येऊन उभे राहत. आई तारेवर बसली. गुलाबाचं डोकं बोटभर देठ ठेवून कापायचं, फुलाच्या खालच्या फुगीर भागातून तार आरपार घालायची, दोन्ही टोकं खाली वळवायची आणि वरून टेप ओढत ओढत गुंडाळायची, म्हणजे तार बोचत नाही आणि देठातली ओल टिकते. आईच्या हातातून ही फुलं अशी झरझर निघत होती की आत्यानेही एकदा मान वळवून बघितलं.

"हात बरा बसलाय तुझा," ती म्हणाली.

"शिकवलं कुणी?" आई मान वर न करता म्हणाली.

आत्याने मधला गुलाब डाव्या हातात सरळ उभा धरला. दुसरा त्याला तिरका लावला. तिसरा दुसऱ्यावर, त्याच बाजूला तिरका. प्रत्येक फुलानंतर ती अख्खा जुडगा थोडा फिरवायची आणि पुढचं फूल पुन्हा त्याच कलाने घालायची. देठ एकमेकांवरून एकाच दिशेने वळत जात होते, सगळे एकाच बिंदूपाशी भेटत होते आणि पलीकडे पुन्हा पसरत होते. एक देठ उलटा गेला की बाकीचे मोडतात, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मधलं फूल सगळ्यांत उंच. त्याभोवतीची ओळ अर्ध्या पेराने खाली. तिच्याखाली आणखी एक. गुलाब एकमेकांवर घासून काळे पडू नयेत म्हणून मधे मधे कार्नेशन, गादीसारखी. वरून ती बघतच नव्हती. गुच्छ डोळ्यांच्या पातळीला धरून बाजूने बघायची, भिंतीवरच्या आरशात पाठ बघायची.

"वरून सगळंच गोल दिसतं," ती ठकीला म्हणाली. "बाजूने बघावं. लोक खुर्चीत बसलेले असतात, त्यांना बाजूच दिसते."

ठकी बघत होती. एवढी वर्षं टेबलाच्या अलीकडून तिने आत्याची फक्त कोपरं पाहिली होती. जवळून ते हात वेगळेच होते. डावा हात जणू फुलदाणी झाला होता, हलत नव्हता, आवळत नव्हता, नुसता धरून होता. सगळं काम उजव्याचं, आणि तोही कुठे घाई करत नव्हता. फूल एकदा जागेवर गेलं की पुन्हा काढून बघणं नाही. आईचे हात भरभर चालायचे आणि बघणाऱ्याला त्या वेगाचंच कौतुक वाटायचं. आत्याचं काम बघताना ठकी श्वास घ्यायची विसरली.

बांधायची वेळ आली तेव्हा आत्याने दोरा तीनदा त्याच जागी फिरवला, एक टोक दातांत धरलं आणि ओढला. दोरा मेणामुळे जिथल्या तिथे बसला. आता दांडा कापायचा होता. तिचा उजवा हात एप्रनच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. खोलीतल्या सगळ्यांना कळलं की खिशात काय आहे. काकाने नेचा खाली ठेवला.

ठकी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि आत्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"काप ना, आत्या."

आत्याने आईकडे पाहिलं. आईने हातातली तार खाली ठेवली, पुढे होऊन गुच्छाचा वरचा भाग आपल्या दोन्ही तळव्यांत सांभाळून धरला आणि देठ नणंदेपुढे केले. आत्याने सुरी उघडली, एका दमात देठ सपाट कापले, सुरी मिटली आणि खिशात टाकली. दारातून भाऊंच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला तेवढाच.

मग भांडण झालं, आणि ते ऐकून ठकीला फार बरं वाटलं. आत्याने गुच्छ पालथा करून झटकला, एक फूल हललं नाही. दांडा आडव्या बोटावर ठेवून तोलून बघितला, तर तो किंचित पुढे झुकला. आत्या म्हणाली की पुढचे दोन गुलाब काढते. आई म्हणाली, फुलं काढायची नाहीत, गोल बिघडेल, त्यापेक्षा दांडाच मनगटाकडे वाकवा. आत्या म्हणाली की चाळीस वर्षांत वाकडा दांडा केला नाही. आई म्हणाली, चाळीस वर्षांत हा हात आला नव्हता.

आत्याने गुच्छ बोटावरून उतरवला. मग तिने तारांचा भाग अंगठ्याने हळूहळू दाबत वाकवला, देठ होते तिथे थांबली, पुन्हा बोटावर तोलला. गुच्छ बोटावर स्थिर राहिला, किंचित मागे कललेला.

हं, ती म्हणाली. तिच्या भाषेत ही मोठीच शाबासकी होती, आणि ती ओळखून आईने लगेच कापसाचा रोल पुढे केला.

दांड्यावर आत्याने कापूस गुंडाळला, कुठे जाड, कुठे पातळ. दाबाच्या खुणा असलेलं ते फडकं शेजारी ठेवून मधून मधून त्याच्याकडे बघत होती. त्यावरून मऊ सुती पट्टी, तिच्यावर पांढरी रिबीन खालून वर. टाचण्या तिरक्या, टोकं आत देठांत घुसलेली, म्हणजे तळव्याला बोचू नयेत. फुलांच्या खाली नेच्याची कॉलर, तिने तारा आणि दोरा झाकून टाकला. एक वाजायला आला होता. तिने गुच्छ ठकीला दिला नाही. टेबलावर देठांवर उभा केला आणि बाजूला झाली. ज्याचं त्याने उचलावं, असं म्हणाली.

ठकीने उजवा हात पुढे केला आणि उचलला.

खोलीत ती दारापर्यंत गेली, वळली, परत आली. मग मुद्दाम भरभर चालली. मग काकाने तिला कोपराने ढोसलं आणि आई त्याच्यावर ओरडली. गुच्छ हातातच होता.

*

हॉल साधा होता, उंच खिडक्यांचा, पाठीला टोचणाऱ्या लाकडी खुर्च्यांचा. पहिल्या रांगेत भाऊ, त्यांच्या शेजारी आई, आणि आईच्या शेजारची खुर्ची काकाने पिशवी ठेवून अडवली होती. आत्या मागे उभी राहायला निघाली होती. काकाने पिशवी उचलली आणि नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

दार उघडलं. ठकी आणि घड्याळजी हातात हात घालून आत आली, ती त्याच्या उजव्या अंगाला. आई ठकीच्या तोंडाकडे बघत नव्हती, तिची नजर त्या करंगळीवर होती. घाबरली की आधी ती सुटते. पाच पावलं, दहा पावलं. मधे कुणाचं तरी पोर रांगेतून पुढे आलं, ठकीला थांबून बाजूने जावं लागलं, घड्याळजीचा हात एकदा ओढला गेला. करंगळी जागची हलली नाही. बाजूच्या रांगांमधून कुजबुज आईच्या कानावर आली, फुलं बघ, एकसारखी कशी आहेत, मागूनही तेवढीच गोल. आजवर आईच्या गुच्छांचं लोकांनी पुष्कळ कौतुक केलं होतं. आपल्या हातचा नसलेल्या गुच्छाचं कौतुक ऐकून इतका अभिमान वाटतो, हे तिला नवीन होतं.

टेबलापाशी अधिकाऱ्याने सही करताना फुलं खाली ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. ठकी म्हणाली, राहू दे, धरलाय मी. तिने डाव्या हाताने सही केली. घड्याळजीला नवरीने काय म्हटलं ते पहिल्याच वेळी ऐकू आलं आणि तो हसला, त्यामुळे सगळेच हसले.

मग लोक उठले, भेटायला गर्दी झाली. मिठ्या मारता याव्यात म्हणून ठकीने गुच्छ पहिल्यांदा हातातून दूर केला आणि समोर उभ्या असलेल्या आईला दिला.

आईने तो घेतला, जन्मभर हजारो गुच्छ धरले तसा, सहज. आणि तिच्या हातातून तो घसरलाच. तिने कसाबसा सावरला. पुन्हा नीट धरायला गेली, तर पकड बसेना. जिथे आपली बोटं हवीत तिथे कापसाचा उंचवटा होता. अंगठा ठेवायला गेली तर त्याला जागाच नव्हती, जागा होती ती भलत्याच बाजूला, न वाकणाऱ्या अंगठ्याने सरळ पडून राहावं अशी, लांबट आणि उथळ. दांडा मनगटाकडे कलत होता आणि तिचं मनगट त्या कलाचं नव्हतं. तिने डाव्या हातात घेऊन बघितला. छे. तिच्यासारख्या कसलेल्या बाईला तो गुच्छ साधा धरता येत नव्हता.

"वन्सं, मला धरताच येत नाहीये हा," ती म्हणाली.

"तुझ्या मापाचा नाही तो," आत्या म्हणाली.

आत्याने हात पुढे केला आणि आईने तो तिच्याकडे दिला. आत्याने बोटं बसवून बघितली, एकदा, दोनदा, मग मान हलवली. तिलाही जमेना. तो परत आईकडे आला. गर्दीत मधोमध, जमलेल्या पाहुण्यांच्या देखत, गावातल्या सगळ्यांत नावाजलेल्या दोन फुलवाल्या एक गुच्छ एकमेकींकडे देत-घेत उभ्या होत्या आणि दोघींना तो धरता येत नव्हता. आईला हसू यायला लागलं. आत्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिलाही आवरेना.

लांबून, लोकांच्या खांद्यांवरून ठकीने त्यांना हसताना पाहिलं. काय झालं ते तिला कळलं नाही. तिने फक्त उजवा हात पुढे केला.